रक्ताचा अहवाल घेऊन तज्ज्ञाकडे जाताना: काय आधी करावे, काय मागाहून

रक्तविकारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या हातात एकच कागद असतो. गेल्या आठवड्यातला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल, त्यात ठळक अक्षरांत छापलेले दोन-तीन आकडे आणि त्यांच्याभोवती घरातल्या कोणीतरी पेनाने काढलेली वर्तुळे. सोबत बहुधा हेही सांगितले जाते की, अशक्तपणा फार होता म्हणून आधीच ताकदीची पाच इंजेक्शने घेतली आहेत, किंवा रक्ताची एक पिशवी चढवली आहे, किंवा ताप उतरावा म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत. यातले प्रत्येक पाऊल चांगल्या हेतूने उचललेले असते, आणि तरीही त्यामुळे निदान काही आठवडे, क्वचित काही महिने लांबते. रक्ताच्या आजारांत उपचार कोणता केला याइतकेच तो कशाच्या आधी केला हेही महत्त्वाचे असते. पुढील मार्गदर्शन या क्रमाविषयी आहे.

जुने कागद शोधणे

भेटीच्या तयारीतले सर्वांत उपयुक्त काम फुकट होते आणि ते घरच्या कपाटातच होते. मागील दहा-पंधरा वर्षांत केव्हाही झालेल्या रक्ततपासणीचे कागद शोधावेत. बाळंतपणाची फाइल, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, नोकरीला लागतानाची वैद्यकीय चाचणी, विम्यासाठी केलेली तपासणी, यांपैकी काही ना काही सापडतेच. रक्तदानाचे जुने कार्डही टाकून देऊ नये. आपल्याकडे रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते, त्यामुळे २०१९ साली रक्तदान केल्याचे कार्ड असेल तर त्या दिवशी हिमोग्लोबिन निदान तेवढे होते, असा पुरावा आपोआप मिळतो.

हे कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. एका स्त्रीचे हिमोग्लोबिन आज १०.५ आहे आणि बारा वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणातही १०.४ होते, तर विचार जन्मजात कारणाकडे वळतो. दुसऱ्या स्त्रीचे आज तेवढेच आहे, पण आठ महिन्यांपूर्वी १३ होते, तर या आठ महिन्यांत रक्त कुठे तरी गेले आहे किंवा तयार होणे थांबले आहे. आजचा आकडा एकच, तपासाची दिशा मात्र पूर्ण वेगळी. म्हणून एका कोऱ्या कागदावर तारखेप्रमाणे हिमोग्लोबिन, एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान), पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एवढे चार आकडे मांडावेत आणि त्या त्या काळात कोणती औषधे चालू होती ते शेजारी लिहावे. औषधांच्या यादीत सांधेदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी आणि वैद्यांकडून घेतलेली भस्मे यांचाही समावेश असावा. वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून नकळत रक्त जाते, तर काही भस्मयुक्त औषधांत शिसे सापडलेले आहे आणि शिशाने तांबड्या पेशींची निर्मिती बिघडते. डॉक्टर रागावतील म्हणून भस्माची गोष्ट लपवणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. लपवण्याने कोणाचाच फायदा होत नाही.

आकड्यांची आपसातली बोलणी

सीबीसीच्या अहवालात वीस-पंचवीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे संदर्भमूल्य छापलेले असते. सामान्य वाचक संदर्भाबाहेर गेलेली ओळ शोधतो. रक्तविकारतज्ज्ञ मात्र एका आकड्याशी दुसरा आकडा ताडून पाहतो. पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तक्षय आहे एवढेच कळते, कारण कळत नाही. कारणाचा पहिला धागा एमसीव्ही या आकड्यात, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानात असतो. प्रौढांमध्ये तो साधारण ८० ते १०० असतो.

समजा, एका अहवालात हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६२ आणि तांबड्या पेशींची संख्या ५५ लाख आहे. दुसऱ्यात हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही ७१ आणि तांबड्या पेशी ४२ लाख आहेत. दोन्हीकडे रक्त कमी आहे, दोन्हीकडे पेशी लहान आहेत, आणि दोघांनाही लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जाण्याची शक्यता दाट आहे. परंतु पहिल्या माणसाच्या पेशी लहान असूनही संख्येने भरपूर आहेत. कारखाना जोरात चालू आहे, प्रत्येक नग मात्र छोटा निघतो आहे. थॅलसेमिया मायनर असणाऱ्यांत, म्हणजे थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांत, हे चित्र दिसते. दुसऱ्याकडे कच्चा मालच नाही, म्हणून नग छोटे आहेत आणि संख्याही कमी आहे. हे लोहाच्या कमतरतेचे चित्र. एमसीव्हीला दशलक्षात मोजलेल्या तांबड्या पेशींच्या संख्येने भागण्याची एक जुनी युक्ती १९७३ पासून मेंटझर निर्देशांक या नावाने वापरात आहे. पहिल्या उदाहरणात ६२ भागिले ५.५, म्हणजे ११.३ येतात, दुसऱ्यात ७१ भागिले ४.२, म्हणजे सुमारे १७. उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलसेमिया मायनरचा संशय घ्यावा, जास्त आले तर आधी लोह तपासावे. ही युक्ती चुकतेही, विशेषतः दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात तेव्हा, म्हणून तिच्यावर निदान करायचे नसते. पुढची कोणती तपासणी आधी करावी, एवढे ती सांगते, आणि सामान्य माणसाला घरी बसून करता येण्याजोगे हे एकमेव गणित आहे असे मला वाटते.

लोहासाठी फेरिटिन ही शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी मागावी. केवळ सीरम आयर्न तपासून फारसे हाती लागत नाही, कारण ते सकाळ-संध्याकाळ बदलते आणि आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीनेही वाढते. फेरिटिन १५ पेक्षा कमी असेल तर साठा संपला आहे यात शंका उरत नाही, आणि प्रत्यक्ष व्यवहारात ३० च्या खालीही आम्ही कमतरता धरून चालतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अंगात ताप, सांध्यांची सूज किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढते, म्हणून आजारपणात आलेले ६० हे उत्तर लोह पुरेसे असल्याची खात्री देत नाही. तज्ज्ञाला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत. पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, भाजलेली माती किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होत असेल तर ती सवय वाईट म्हणून दडवू नये. ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते आणि लोह भरून आले की बहुधा आपोआप जाते.

कमतरता सिद्ध झाल्यावर दोन प्रश्न उरतात. पहिला, लोह गेले कुठे. तरुण स्त्रीत पाळीचा अतिस्राव हे उत्तर बहुतेकदा मिळते. परंतु पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत, लोह कमी आढळले तर पोटातून रक्त जात आहे असे गृहीत धरून जठर आणि मोठे आतडे दुर्बिणीने तपासून घ्यावे. मूळव्याध आहे म्हणून सोडून देऊ नये, कारण आतड्याच्या कर्करोगाचा पहिला कागद कित्येकदा हाच सीबीसीचा कागद असतो. दुसरा प्रश्न गोळी घ्यायची कशी. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, एक गोळी घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते सुमारे २४ तास आतड्यातून लोह आत येण्याचा दरवाजा आवळून धरते. म्हणून दिवसातून दोनदा गोळी घेण्यापेक्षा एक दिवसाआड एक गोळी घेतल्यास दर गोळीमागे अधिक लोह शोषले जाते आणि पोटही कमी बिघडते. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत गोळी घ्यावी आणि तिच्या आगेमागे एक-दोन तास चहा टाळावा. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही तर गोळीचा ब्रँड बदलण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. वाढले तरी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवाव्यात, कारण आधी रक्त भरते आणि साठा मागाहून भरतो. बीट आणि गूळ यांच्याविषयी इतकेच म्हणेन की ते आवडीने खावेत. बिटाचा रंग रक्तासारखा असला तरी त्या रंगात लोह नसते, आणि रिकामा झालेला साठा गुळाच्या खड्यांनी भरत नाही.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर आपल्याकडे पहिला संशय जीवनसत्त्व बी-१२ वर जातो. शाकाहारी घरांत, आणि दूधही फारसे न घेणाऱ्यांत, ही कमतरता सर्रास आढळते. तीव्र कमतरतेत तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट या तिन्ही पेशी एकदम कमी होतात, पेशी तुटल्या की रक्तात उतरणारे एलडीएच प्रचंड वाढते, डोळे किंचित पिवळे दिसतात, आणि घरच्यांच्या मनात ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, धास्ती बसते. केवळ फॉलिक ॲसिड देऊन अशा रुग्णाचे रक्त काहीसे सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते, आणि पायांतली बधिरता एकदा पक्की झाली की ती पूर्ण जाईलच असे नाही. म्हणून कोणत्याही दुकानातून आणलेली फॉलिक ॲसिडची गोळी एकटी सुरू करू नये.

प्लेटलेटची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असते. अंगावर एकही डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही, आणि अहवालात अचानक ३०,००० लिहून आले, तर पहिल्यांदा नमुन्यावरच संशय घ्यावा. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असते, त्यामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि यंत्र त्यांना मोजत नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा नमुना घेतला आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की उलगडा होतो. हा आजार नव्हे, नळीतला अपघात आहे. तरीही त्यापायी रुग्णालयात दाखल झालेली माणसे असतात. डेंग्यूच्या दिवसांत तर प्लेटलेटचा आकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा दर तासाला विचारला जातो. वस्तुतः ताप उतरतानाच्या दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणे हा डेंग्यूतला खरा धोका असतो, आणि तो वाढत्या हिमॅटोक्रिटवरून (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून) व उतरत्या रक्तदाबावरून कळतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत पिशवी चढवण्याची गरज बहुधा नसते.

पांढऱ्या पेशींच्या बाबतीत एकूण संख्येपेक्षा त्यांतले घटक पाहावेत. तापानंतर १२,००० पेशी असणे ही प्रकृतीची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. जंत, दमा आणि त्वचेची ॲलर्जी यांत इओसिनोफिल वाढतात. उलट पेशी कमी असतील तर न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची प्रत्यक्ष संख्या काढावी. एकूण पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल १८ टक्के असतील, तर गुणाकार करून ४३२ येतात, आणि ५०० च्या खालचा हा आकडा फार धोक्याचा असतो. सत्तरीतल्या एखाद्या आजोबांच्या नेहमीच्या तपासणीत लिम्फोसाइट ३०,००० निघाले आणि तज्ज्ञांनी "सध्या औषध नाही, तीन महिन्यांनी या" असे सांगितले, तर घरच्यांना ती टाळाटाळ वाटते. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या आरंभीच्या अवस्थेत लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, हे चाचण्यांतून दिसलेले आहे. तेथे नियमित देखरेख हाच अभ्यासाने ठरलेला मार्ग आहे.

नमुना आधी, उपचार मागून

आता या लेखाचा गाभा. बी-१२ चे एक इंजेक्शन घेतले की रक्तातील पातळी एकदम वर जाते आणि कमतरता होती की नव्हती हे सांगणे अवघड होऊन बसते. रक्ताची पिशवी चढवल्यावर रुग्णाच्या शरीरात दात्याच्या पेशी फिरत असतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे, त्यानंतर केलेली एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी अर्धी दात्याची आणि अर्धी रुग्णाची होते, आणि थॅलसेमिया किंवा सिकलसेल ओळखण्यासाठी तीन महिने वाट पाहावी लागते. सर्वांत मोठे नुकसान स्टिरॉइडने होते. मानेतल्या गाठी किंवा न उतरणारा ताप यांवर स्टिरॉइड दिले की लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या वितळतात. रुग्णाला बरे वाटते, गाठ लहान होते, आणि मग घेतलेल्या तुकड्यात निदानापुरत्या पेशीच सापडत नाहीत. काही आठवड्यांनी आजार परत उभा राहतो.

म्हणून आपल्या डॉक्टरांना विनयाने एक विनंती करावी, की उपचार सुरू करण्यापूर्वी रक्ताची एक जांभळी नळी, एक साधी नळी आणि काचपट्टीवरचा रक्ताचा लेप घेऊन ठेवावा. नमुना ताजा असावा. तो दिवसभर उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत फिरला तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही खोटे वाढते. लेपाला मी विशेष महत्त्व देतो. लीशमन रंगाने रंगवलेली ती काचपट्टी यंत्राच्या वीस ओळींपेक्षा अनेकदा अधिक सांगते. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा कप्पे दिसले की बी-१२ आठवते, तुटक्या तांबड्या पेशी दिसल्या की लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत आहेत का हे तातडीने पाहावे लागते, आणि ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियात दिसणाऱ्या अपरिपक्व पेशी, दिसल्या की त्या दिवसाचे उरलेले सगळे वेळापत्रक बाजूला पडते. जुनी काचपट्टी मिळत असेल तर तीही कागदात गुंडाळून आणावी. अहवालाची छायाप्रत चालते, काचपट्टीची चालत नाही.

रक्तगटाबाबतही आधीच सांगावे. पूर्वी रक्त चढवताना थंडी-ताप आला होता का, रक्त जुळायला वेळ लागला होता का, हे लिहून आणावे. मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो दुर्मीळ गट जगापुढे मांडला, तो बॉम्बे रक्तगट वरवरच्या तपासणीत ओ गटासारखा दिसतो. परंतु या माणसांच्या पेशींवर एच प्रतिजनच नसते आणि त्यांच्या रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे त्यांना ओ गटाचे रक्त चढवणे जीवघेणे ठरू शकते. त्यांना केवळ याच गटाचे रक्त चालते. मुंबईच्या परिसरात साधारण १०,००० जणांमागे एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते.

जेथे थांबायचे नाही

या क्रमाला अपवाद आहेत आणि ते पाठ असावेत. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि अंगात ताप, ही अवस्था असेल तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) रक्त घेऊन पहिल्या तासाभरात प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे. तोंडाच्या आत रक्ताचे फोड येणे, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, प्लेटलेट कमी असताना अचानक तीव्र डोकेदुखी, गडद चहासारखी लघवी आणि डोळ्यांत कावीळ, सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखून धाप लागणे, अहवालात ब्लास्ट असा शब्द असणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी जावे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा नुसता संशय आला तरी आम्ही जनुकीय अहवालाची वाट न पाहता रेटिनॉइक ॲसिडच्या गोळ्या सुरू करतो, कारण या आजारात पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव मारक असतो आणि ते दिवस पार पडले तर आजार बरा होण्याची शक्यता फार चांगली असते.

हिमोफिलिया हा रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या, किंवा मामाला अथवा आईकडच्या दुसऱ्या पुरुषाला असा त्रास असलेल्या मुलाला दंडात वा कुल्ल्यात स्नायूत इंजेक्शन देऊ देऊ नये. हे वाक्य त्याच्या फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

बोन मॅरोची तपासणी सुचवली तर

"पाठीच्या मणक्यातून पाणी काढणार का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि त्यामागे पांगळेपणाची भीती असते. बोन मॅरो तपासणीत सुई मणक्यात जात नाही. कमरेच्या मागच्या बाजूस, पट्टा जिथे टेकतो तिथे हाताला लागणाऱ्या हाडाच्या कडेवर भूल देऊन आधी थोडा द्रव मगज ओढला जातो आणि मग हाडाचा दीड-दोन सेंटीमीटरचा बारीक तुकडा काढला जातो. एकूण काम अर्ध्या तासाचे आहे. भूल कातडीला आणि हाडाच्या आवरणाला मिळते, आतल्या मगजाला मिळत नाही, म्हणून द्रव ओढताना दोन-तीन सेकंद पायापर्यंत कळ जाते. ती कळ येणार हे आधी सांगितले तर रुग्ण ती सहज सोसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून थांबवू नयेत, विचारून थांबवाव्यात. प्लेटलेट कमी आहेत म्हणून ही तपासणी करता येत नाही, असा समज आहे. जागेवर नीट दाब धरून ती बहुधा करता येते. नमुन्याचे भाग कोणकोणत्या तपासणीसाठी गेले हे लिहून घ्यावे, कारण सूक्ष्मदर्शकाचा अहवाल दोन दिवसांत, तर गुणसूत्रांचा आणि जनुकांचा अहवाल दोन-तीन आठवड्यांनी येतो, आणि पहिला कागद हाती पडताच बरेचजण दुसरा विसरतात.

उरलेल्या घराची तपासणी

थॅलसेमिया मायनर आणि सिकलसेलचा वाहक हे रुग्ण नव्हेत. त्यांना औषध लागत नाही, आणि फेरिटिन कमी असल्याशिवाय लोहही देऊ नये. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल गंभीर आजार घेऊन जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. एक मूल निरोगी झाले म्हणून पुढच्या वेळी ती शक्यता घटत नाही. थॅलसेमियासाठी एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन ए-२ पाहतात. ते ३.५ टक्क्यांहून अधिक, बहुधा ४ च्या वर असेल तर वाहक. येथेही क्रम आडवा येतो. लोहाची तीव्र कमतरता ए-२ ला खाली ओढते आणि बी-१२ ची कमतरता वर ढकलते, म्हणून सीमारेषेवरचे उत्तर असेल तर आधी कमतरता भरावी आणि मग तपासणी पुन्हा करावी. गरोदरपण सुरू असेल तर मात्र एवढा वेळ नसतो. तेव्हा पतीची तपासणी त्याच दिवशी करावी. दोघेही वाहक निघाले तर साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन बाळाचे निदान करता येते. पतीला तपासणीसाठी आणणे हे माझ्या अनुभवात जनुकीय तपासणीपेक्षा कठीण काम आहे.

नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि मेळघाट या भागांत मूळ असलेल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करून घ्यावी, मग ते कुटुंब आज पुण्यात राहत असो वा परदेशात. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसनेच कळते. केवळ शिबिराच्या कागदावरून कोणाचे लग्न मोडू नये आणि कोणाला आजारीही ठरवू नये. रुग्ण निघाल्यास हायड्रॉक्सियुरिया हे जुने आणि स्वस्त औषध पुष्कळ उपयोगी पडते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत प्रौढांमधले वेदनांचे झटके त्याने जवळपास निम्म्यावर आणले होते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. गुंतागुंतीच्या हिमोग्लोबिन विकारांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. ती १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली होती.

संशोधनात सहभागी व्हाल का, असे विचारले तर

मोठ्या रुग्णालयात केव्हातरी हा प्रश्न येतोच, आणि "आमच्यावर प्रयोग करणार का?" हे त्यावरचे पहिले उत्तर असते. रक्तविकारांच्या संशोधनाचा हिशेब या भीतीशेजारी ठेवून पाहावा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एक गुणसूत्र आखूड असते हे फिलाडेल्फियात १९६० मध्ये दिसले, १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून बनते हे दाखवले, आणि त्यातून तयार होणाऱ्या एकाच प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये मान्य झाली. पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा तो आजार आज रोजच्या गोळीवर बहुतेकांना जवळजवळ सामान्य आयुष्य जगू देतो. भारतातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या पहिल्या देशी कार-टी पेशी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगावर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी रुग्णाने आपला नमुना दिला आहे किंवा चाचणीत नाव घातले आहे.

सही करण्यापूर्वी संमतीपत्र मराठीत मागावे आणि घरी नेऊन वाचण्यासाठी एक दिवस घ्यावा. ही चाचणी नव्या औषधाची आहे की केवळ उरलेले रक्त साठवण्याची, हे पहिल्यांदा विचारावे, कारण दोन्हींत जोखीम अगदी वेगळी असते. चिठ्ठी टाकून गट ठरणार असतील तर दुसऱ्या गटाला कोणता उपचार मिळणार, जादा तपासण्यांचा खर्च कोण देणार, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण करणार, आणि मध्येच बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना, हे विचारावे. औषधाच्या चाचणीत इजा झाल्यास उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, आणि बाहेर पडण्याचा हक्क नेहमीच रुग्णाचा असतो. औषधाच्या चाचण्यांची नोंदणी २००९ पासून भारतीय नोंदवहीत बंधनकारक आहे. तो नोंदणी क्रमांक संमतीपत्रावर पाहावा आणि दिसला नाही तर विचारावा. जनुकीय तपासणी असेल तर तिचे निष्कर्ष भावंडांना कळवायचे की नाहीत, हे आधीच ठरवून लिहून द्यावे. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत मागून घ्यावी आणि ती जुन्या अहवालांच्या त्याच फाइलीत तारखेप्रमाणे लावावी.